सरळ उभी राहा

क्षितिजाला नेमकं काय होतं, हे छातीठोकपणे सांगणारी माणसं त्या वर्षी ढिगाने भेटली. वाडीवर येणारा दूधवाला सांगायचा, रिक्षावाला सांगायचा, लग्नात जेवायला आलेला लांबचा पाहुणासुद्धा हात पुसता पुसता सांगून गेला. सगळ्यांना सगळं ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त जिने तिला नऊ महिने पोटात वाढवली तिला, म्हणजे आशालताला.

राऊतांची वाडी वसईच्या पश्चिमेला, खाडीकडे जमीन उतरते तिथे. थोडी केळी, थोडी पानवेल, बाकी सगळी फुलं. फुलाच्या वाडीतला दिवस कसा असतो ते बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. कळी उमलायच्या आत खुडायची, म्हणजे पहाटे पाचला कमरेला फडकं बांधून वाफ्यात उभं राहायचं. आशालता उभी राही, तिचा नवरा आत्माराम उभा राही, आणि अकरा वर्षांची क्षितिजाही उभी राही. तिची बोटं लहान, त्यामुळे कागड्याची नाजूक पांढरी कळी तिच्याइतकी झटपट कुणालाच खुडता येत नसे. सहाला टोपल्या दादरला जाणाऱ्या टेम्पोत चढल्या की आत्माराम त्यांच्याबरोबर निघून जाई. मग घरात एकच गडबड, सातच्या शाळेची. आंघोळ, गणवेश, आणि वेणी.

वेणी हे त्या घरातलं मोठं प्रकरण. क्षितिजाचे केस गुडघ्याला टेकत. आजीने, कृष्णाबाईंनी, जन्मापासून तेल चोपडून वाढवलेले ते केस, त्यांना कात्री लावायचं नाव काढायची सोय नव्हती. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्यांचा, वर लाल रिबिनी. आशालता ओटीवर बसे, क्षितिजा खालच्या पायरीवर उभी राही, आईच्या दोन गुडघ्यांच्या मधे. उभीच, कारण बसली तर इस्त्रीच्या गणवेशाला सारवणाची माती लागते. पोटात काही नाही, कारण खाऊन मग वेणी घातली तर बस चुकते. गुंता निघता निघत नसे, पोर चुळबुळ करे, आणि आशालताचं रोजचं एक वाक्य ठरलेलं: "सरळ उभी राहा." एवढं सगळं रोजचंच होतं, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही.

दोन हजार एकच्या डिसेंबरात एका सकाळी, डाव्या बाजूची वेणी अर्धी झालेली असताना, क्षितिजा काहीतरी पुटपुटली आणि तिची मान एकदम कलंडली. आशालताने गुडघ्यांनी तिला आवळली, काखेत हात घालून धरली. पोरीचे डोळे वर गेलेले, तोंड पांढरंफटक. आशालता तिला खाली ठेवायला वाकली तोच कृष्णाबाई आतून धावत आल्या आणि ओरडल्या, "निजवू नको तिला. उभी धर. भुईवर टेकवू नको."

त्या ओरडण्यात असं काही होतं की आशालताचे हात जागच्या जागी घट्ट झाले. दोघींनी मिळून पोरीला उभी धरली. आणि मग ते सुरू झालं. हात झटके देऊ लागले, पाय तडफडले, दातखिळी बसली. शेजारची लिडिया पाव आणायला निघाली होती, ती कुंपणावरूनच आत आली. कुणी चप्पल नाकाशी धरली, कुणी कांदा फोडला, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. आशालता म्हणे पाच मिनिटं, कृष्णाबाई म्हणत अर्धा तास, लिडिया म्हणे एक 'आमच्या बापा' प्रार्थना म्हणून होईस्तोवर. शेवटी आशालताचेच हात भरून आले, पोर निसटून ओटीवर आडवी झाली, आणि थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाली, बस गेली का?

कृष्णाबाई तेव्हा देवघरासमोर जाऊन बसल्या. त्या का ओरडल्या ते घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. त्यांचा थोरला मुलगा नथू, आत्मारामच्या आधीचा, सात वर्षांचा असताना असाच झटके देत होता. घरातल्या जाणत्या माणसांनी आता काही खरं नाही असं ठरवलं, भुई सारवली आणि त्याला खाली घेतला, जाणाऱ्या माणसाला घेतात तसा. तो उठला नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं त्या घरात कुणी दुपारचं वामकुक्षीलासुद्धा जमिनीवर पाठ टेकली नाही. सून माहेराहून आली तेव्हा तिला पहिली गोष्ट हीच सांगितली होती: खाटेवर नीज, भुईवर नको.

तर आता बघा, घरात फिट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एकच माणूस, आणि ते माणूस म्हणतंय की हे तेच आहे. मग दुसऱ्या कुणाचं काय चालणार? गावातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, हातपाय झाडले, दातखिळी बसली, डोळे फिरवले. डॉक्टर तरी काय करतील बिचारे. जानेवारीत परत तसंच झालं, परत सकाळी, परत ओटीवर. मग बोरिवलीला नेऊन डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. त्यात काहीतरी "किंचित" निघालं. किंचित म्हणजे किती, हे आशालताने तिघांना विचारलं. एकाने काळजी करू नका म्हटलं, एकाने काळजी घ्या म्हटलं, आणि तिसऱ्याने गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक, तीन वर्षं.

गोळ्यांनी पोर झोपाळू झाली. पहिल्या पाचात नंबर असणारी मुलगी वार्षिक परीक्षेच्या दिवसांत वर्गात डोकं टेकून झोपायला लागली. बेचा पाढा म्हणता म्हणता मधेच थांबायची आणि आईकडे बघत राहायची, जणू पुढचा आकडा आईने लपवून ठेवलाय. पोहायला जायचं नाही, सायकल नाही, विहिरीकडे फिरकायचं नाही. चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं कळलंच नाही. आशालताचं काळीज तुटत होतं. पण गोळी चुकवायची म्हटलं तर छातीत धडकी, आणि द्यायची म्हटलं तर हात जड. रोज रात्री ती तांब्या घेऊन पोरीपाशी उभी राही आणि मनात म्हणे, हे मी बरं करतेय की वाईट?

बरं, गोळ्यांनी थांबावं ना? तर तेही नाही. मे महिन्यात आत्मारामच्या भाचीचं, रीमाचं, लग्न होतं. क्षितिजाच्या केसांचा खोपा घालून त्यावर अबोलीची वेणी माळायची, असं हौसेने ठरलं. करवल्यांच्या रांगेत उभी करून क्षितिजाच्या मामीने खोपा आवळायला घेतला आणि पोर कोसळली. सत्तर माणसांच्या देखत. चौघांनी झेललं, खुर्चीत बसवलं, मान सरळ धरली, आणि हातपाय झाडणं सगळ्या मांडवाने पाहिलं. त्या दिवशी 'फेफरं' हा शब्द पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. कुणीतरी हळूच असंही म्हणालं की मुलगी दिसायला चांगली आहे, पण पुढे अवघड जाणार. आशालताने ते ऐकलं. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. गोळी दुप्पट झाली.

आणि मग जुलैत शाळेतून निरोप आला. लस टोचायचा दिवस होता. क्षितिजा रांगेत चौथी. पुढच्या मुलीच्या दंडात सुई गेलेली तिने पाहिली आणि मुकाट्याने खाली घसरली. वर्गाच्या बाई, कॅथरिन टीचर, लांब होत्या, त्या पोचेपर्यंत पोर फरशीवरच पडून होती. पोचल्या तोवर तिने डोळे उघडलेसुद्धा. हात नाही झाडले, पाय नाही झाडले, दातखिळी नाही. उठून बसली, लाजली आणि पाणी प्यायली. टीचरनी कळवलं, मुलगी सुईला घाबरली, खायला देऊन पाठवत जा.

घरी सगळ्यांनी ठरवलं की हे वेगळं. ही अशक्तपणाची चक्कर, ती फिट. म्हणजे पोरीला एक नाही, दोन आजार. आशालता त्या रात्री जेवली नाही. एकच आजार समजत नव्हता, त्यात हा दुसरा. एका पोरीच्या अंगात ही दोन दुखणी राहतात कशी, एकमेकांना भेटत नाहीत का? तिचं डोकं पार भंजाळलं. तिने आत्मारामला विचारलं, तर तो म्हणाला की डॉक्टर आहेत ना, ते बघतील. त्याच्या आवाजावरून कळत होतं की त्याचीही मती गुंग झालीय.

शेवटी लिडियाच हट्टाला पेटली. तिच्या मुलाचा, फेबियनचा, दमा ज्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे बरा झाला, त्या मीरा मॅडमकडे चलाच, म्हणाली. दवाखाना लांब, पार तुळिंजला, बाजाराच्या वर, जिना अंधारा. आशालता, क्षितिजा आणि कृष्णाबाई अशा तिघी निघाल्या. कृष्णाबाईंना न्यायचं नव्हतं. पण त्या आपणहून पातळ बदलून पायरीवर येऊन बसल्या होत्या.

मीरा मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, स्वभावाने जरा फटकळ. आशालताने फाइल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सरकवून ठेवली. आलेख नंतर, म्हणाल्या, आधी गोष्ट. आशालताने सांगायला सुरुवात केली, पडली, मग हात झाडले. मॅडमनी तिला मधेच तोडलं. पडल्यानंतरचं मला सगळेच सांगतात, म्हणाल्या, पडायच्या आधीचं सांगा. काय करत होती?

"काही नाही. उभी होती."

"कुठे?"

"ओटीच्या पायरीवर."

"नुसतीच?"

आशालता गोंधळली. नुसतीच, म्हणाली. मग मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि म्हणाल्या की सांगू नका, करून दाखवा. ही मी खुर्ची ठेवली, ही तुमची ओटी. बसा. मुलीला उभी करा, अगदी त्या दिवसासारखी.

आशालताला ओशाळल्यासारखं झालं, पण ती बसली. क्षितिजा सवयीने येऊन तिच्या गुडघ्यांच्या मधे पाठमोरी उभी राहिली. आशालताने दोन्ही हात वर केले. मॅडम बघत राहिल्या.

"हातात काय आहे तुमच्या?"

"काही नाही."

"मग बोटं अशी का?"

आशालताने आपल्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताची मूठ हवेत घट्ट वळलेली होती, उजव्या हाताची बोटं फणी धरल्यासारखी. तिला स्वतःला ठाऊक नव्हतं की तिचे हात असे आहेत. केस विंचरत होते मी, ती म्हणाली. दोन्ही वेळा? हो. आणि लग्नात? आशालताच्या आधी क्षितिजाच बोलली, मामी खोपा घालत होती.

मॅडमनी स्टूल ओढून क्षितिजाला समोर बसवलं आणि तिला विचारलं, तुला काय होतं गं आधी? आठ महिन्यांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. दूधवाल्याला विचारलं होतं, मांडववाल्याला विचारलं होतं, तिला नाही. पोर आधी आईकडे बघत राहिली. मग हळूहळू म्हणाली की आधी गरम होतं, पोटात ढवळतं, कान बंद होतात, आईचा आवाज लांबून येतो, डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात.

"मग तू आईला सांगत नाहीस?"

"सांगते ना. मला कसंतरी होतंय, म्हणते. आई म्हणते, सरळ उभी राहा."

आशालताला ते वाक्य कानशिलात बसल्यासारखं लागलं. तिला आठवलं. ते पुटपुटणं. दोन्ही वेळा पोरीने सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा तिने केस आणखी आवळले होते. तिला रडू फुटलं, आणि मॅडमनी तिला रडू दिलं. सांत्वन वगैरे काही केलं नाही.

मग त्या कृष्णाबाईंकडे वळल्या. तुम्ही पाहिलंत, ना? रंग कसा होता पोरीचा? कृष्णाबाई म्हणाल्या, केळीच्या गाभ्यासारखी पांढरी. घाम? डबडबलेली. जीभ चावली? नाही. कपडे ओले केले? नाही. उठल्यावर ओळखत होती का तुम्हाला? ओळखत होती, बसचं विचारत होती. मॅडम लिहीत गेल्या. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, कृष्णाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "माजा नथू तसा नव्हता."

आशालता थक्क झाली. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, सासूच्या तोंडून हे नाव तिने चार वेळाही ऐकलं नव्हतं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. कसा होता नथू? कृष्णाबाई सांगत गेल्या. अंगात ताप होता. खाटेवर निजलेलाच होता, कोणी उभा केला नव्हता. आधी लाकडासारखा ताठ झाला, मग झटके. तोंड काळंनिळं पडलं. तोंडातून फेस आला, त्याला रक्त लागलेलं. झटके थांबले तरी आईला ओळखेना. दिवस कलला तरी ओळखेना. मॅडम म्हणाल्या, आजी, तुम्ही आत्ता मला दोन वेगळे आजार सांगितलेत, आणि कुठल्याही यंत्रापेक्षा नीट सांगितलेत. नथूचं ते दुसरंच होतं. त्याला त्या काळी औषध हवं होतं. जमिनीने त्याला नेलं नाही.

मग त्यांनी साध्या भाषेत समजावलं. वाढत्या वयात काही मुलांचं असं होतं. उपाशीपोटी, बराच वेळ उभं राहून, त्यात केस ओढले, सुई दिसली, उकाडा असला, की रक्त पायात उतरतं आणि डोक्याला कमी पडतं. पोर पडते. पडणं हाच त्याच्यावरचा इलाज आहे, आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं. पण पडलेल्याला उभं धरून ठेवलं, तर डोकं उपाशीच राहतं. आणि उपाशी डोकं हातपाय झाडायला लावतं. शाळेत तिला कुणी धरलं नाही, म्हणून तिने हात झाडले नाहीत.

"म्हणजे," आशालताने विचारलं, "ते झटके आम्ही..."

"तुम्ही तिला पडू दिलं नाहीत, एवढंच," मॅडम म्हणाल्या. "कुठली आई पडू देते?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण पुढे लगेच हेही म्हणाल्या की मी देव नाही. आलेखातलं ते किंचित धडधाकट मुलांमध्येही दिसतं, म्हणून त्याला मी फार किंमत देत नाही, पण हृदयाचा आलेख काढून घेऊ, ते सोडायचं नाही. गोळी एकदम बंद करायची नाही, ते धोक्याचं. आठवड्या-आठवड्याने उतरवत आणू. आता वेणी बसून, खाऊन-पिऊन. आणि परत झालंच, तर तिथल्या तिथे आडवी करायची, पाय वर धरायचे, आकडे मोजायचे, आणि मला येऊन सांगायचं, हात हलले की नाही. ते कळलं की माझी उरलीसुरली शंकाही जाईल.

घरी येताना आशालताच्या मनात उजेडापेक्षा गोंधळच जास्त होता. आठ महिने एक गोष्ट खरी मानायची, आणि एका दुपारी ती खोटी म्हणून टाकून द्यायची, हे माणसाला जमतं थोडंच? बोरिवलीचे एवढे मोठे डॉक्टर चुकले आणि बाजारावरच्या जिन्यावरची बाई बरोबर? आणि ही चुकली तर? हृदयाचा आलेख चांगला आला, तर तिला आनंद व्हायच्या ऐवजी वाटलं, म्हणजे आता डोक्यातच असणार. गोळी अर्ध्यावर आली, पोरीच्या डोळ्यांतली झोप थोडी उडाली, एकदा तर ती वाडीत पूर्वीसारखी गाणं म्हणत आली. आशालता दाराआडून ऐकत राहिली, आणि तिला भीती वाटली.

कृष्णाबाई त्या तीन आठवड्यांत फार कमी बोलल्या. मॅडमचं त्यांना पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. एक मात्र झालं. क्षितिजाला वेणी घालायला घेतली की त्या फुलांची परडी घेऊन ओटीवर येऊन बसत आणि दोरा ओवता ओवता एकटक तिच्याकडे बघत. पोर पाटावर बसलेली, हातात दुधाचा पेला. आशालता मनात म्हणे, ह्या राखण करतायत. पुन्हा झालं तर माझ्या हातातून पोरीला हिसकून उभी धरतील.

पंधरा ऑगस्टला शाळा सकाळी साडेसहालाच होती. झेंड्यापुढे क्षितिजाला उभं राहायचं होतं, पांढरा गणवेश कडक इस्त्रीचा, वेण्या नेहमीपेक्षा घट्ट हव्यात असं टीचरनी बजावलेलं. घरात नुसती धांदल. दूध ओतू गेलं. अर्धा पेला उरला तो तिने दोन घोट पिऊन ठेवला. पाट सापडेना. आशालताच्या हातात फणी, दातांत रिबीन, कोपऱ्यावर बसचा हॉर्न. ती म्हणाली, जा गं पायरीवर, दोन मिनिटांचं काम आहे.

उजवी वेणी झाली. डाव्या बाजूचे केस मुठीत घेतले, आवळले. पोर हलली. "सरळ उभी राहा," आशालता रिबीन दातांत धरूनच म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

क्षितिजाने मान वळवायचा प्रयत्न केला. ओठ पांढरे पडले होते. आई, कसंतरी, एवढंच म्हणाली आणि तिचा सगळा भार आशालताच्या गुडघ्यांवर आला.

आणि आशालताने तिला धरली. मॅडमनी सांगितलेलं एकूण एक तिला त्या क्षणी आठवत होतं, पाठ होतं, पण हात ऐकत नव्हते. काखेत गेलेले हात घट्ट झाले होते. सोडायचं म्हणजे पोरीला पडू द्यायचं, आणि ते कुठल्या आईच्या हातांना येतं? तिने कृष्णाबाईंकडे पाहिलं. आता त्या ओरडणार, उभी धर, आणि मी धरणार, आणि ते झटके पुन्हा सुरू होणार. पोरीच्या उजव्या हाताची बोटं बारीक थरथरू लागलीही होती.

कृष्णाबाई उठल्या. परडी कलंडली, कळ्या ओटीभर झाल्या. त्यांनी अंगावरचा पदर ओढून सारवलेल्या भुईवर पसरला, आशालताच्या मनगटांवर आपले हात ठेवले आणि म्हणाल्या, "सोड. निजव तिला. मी पाय धरते."

आशालताने सोडलं. पोर भुईवर आडवी झाली, केस ओटीवरून पायरीपर्यंत ओघळले. कृष्णाबाई मांडी घालून बसल्या, नातीची दोन्ही पावलं उचलून आपल्या छातीशी धरली, डोळे मिटले आणि मोठ्याने मोजू लागल्या. एक. दोन. तीन. आशालता पोरीच्या हातांकडे बघत होती. बोटं थांबली होती. सात. आठ. ओठांत रंग आला. बाराला क्षितिजाने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"हात नाही हलले," आशालता म्हणाली. "आई, बघा, नाही हलले. सोडा आता, उठली ती."

पण कृष्णाबाईंनी पाय सोडले नाहीत. डोळे मिटलेलेच, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या मोजत होत्या. तेरा. चौदा. पंधरा. क्षितिजाने मान उचलून पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं की आजी, मी उठले. कृष्णाबाईंनी मान हलवली, ऐकल्यासारखी, आणि तरी मोजत राहिल्या. आशालताला मग कळलं की हे मोजणं क्षितिजासाठी नाही. ती सासूच्या शेजारी त्याच भुईवर टेकली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

विसाला कृष्णाबाई थांबल्या. पावलं हलकेच खाली ठेवली, पोर उठून बसली तसा पदर झटकून अंगावर घेतला, आणि पोरीला म्हणाल्या, "पानी पी. मग बसून घाल वेनी."

बस तोवर गेली होती.